घरचा कारागीर : घडीच्या चाकूला कोणते तेल?



मागच्या अंकात आम्ही विळीला धार लावण्याबद्दल लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यातले एक पत्र बहरीनमधल्या ईसा टाउनहून आले आहे. लिहिणाऱ्या मावशी मूळच्या अलिबागच्या बाजूच्या, सध्या मुलाकडे राहतात. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"आमच्या ह्यांचा एक घडीचा चाकू आहे. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. आंबा, पेरू कापायला कायम खिशात असायचा. हे गेल्यापासून दर आठवड्याला मी त्याला न चुकता खोबरेल लावते. तरी आता तो उघडता उघडत नाही. परवा नातवाने दात लावून उघडायला घेतला. पाते एकदम सुटले, ओठ थोडक्यात वाचला. सून म्हणते, टाकून द्या. तुम्ही सांगा, दुसरं कुठलं तेल घालू, का खरंच टाकू?"

मावशी, चाकू टाकू नका. पण तो सुटा फिरेपर्यंत नातवाच्या हाताला लागेल असा ठेवूही नका. सूनबाईंची भीती खोटी नाही. धारेचा चाकू जितका धोक्याचा, त्याहून अडकून बसणारा चाकू जास्त धोक्याचा. माणूस जोर लावतो, पाते अचानक निसटते, आणि त्या वेळी बोट कुठे आहे ते कुणाच्या ध्यानात नसते. म्हणून हा प्रश्न नुसता तेलाचा नाही, पोराच्या बोटांचा आहे.

आता खोबरेल. तुमच्या मायेत काही उणे नाही, पण खोबरेल आजपासून बंद. का, ते नीट समजून घेऊ. कारण हाच घोटाळा दिमोनाच्या धुळीत होतो, अश्दोदच्या खाऱ्या वाऱ्यातही होतो.

घडीच्या चाकूचे पाते एका खिळ्याभोवती फिरते. पात्याच्या दोन्ही बाजूंना मुठीतल्या धातूच्या पट्ट्या असतात. काही चाकूंत मध्ये पितळेचे पातळ वायसर असतात. पाठीला एक स्प्रिंगची पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. म्हणजे धातूवर धातू घासणार अशा दोन जागा झाल्या. एक खिळा आणि दुसरी पट्टीखालची. या दोन जागांमध्ये तेलाचा अगदी पातळ पदर असला की पाते लोण्यासारखे फिरते. तेलाचे दुसरे काम म्हणजे पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोहोचू न देणे, म्हणजे गंज धरत नाही.

बहरीन हे बेट. चहूकडून खारा समुद्र. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, वर दमट हवा. आणि वारा सुटला की वाळवंटाची बारीक धूळ घरात. मीठ आणि दमट हवा मिळून लोखंडाला गंज चढवतात. धूळ तेलात मिसळली की तिचा खरकागद होतो, दर वेळी चाकू उघडताना तो खिळा घासून काढतो. तेव्हा आपल्याला असे तेल हवे जे पातळ आहे, उन्हातान्हात आणि थंडीत सारखेच वागते, वर्षानुवर्षे चिकट होत नाही, आणि फळाला लागले तर पोटात गेल्याने अपाय करत नाही.

आता गंमत पाहा. आपल्या पूर्वजांना कोकणात लोक काय म्हणत? शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून हे नाव. म्हातारी मंडळी हे जाणतात, मुलांना मात्र मुद्दाम सांगायला हवे. तेलाशी आपले नाते असे पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण घाण्यातून निघणारे जे तेल आपण खातो, ते चाकूच्या खिळ्याला चालत नाही. हा काही घाण्याचा दोष नव्हे. प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा.

स्वभाव ओळखायची सोपी खूण तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गोडेतेलाची बरणी जिथे ठेवता तिथली फळी बोटाने चाचपून पाहा. चिकटा लागतो ना? तो चिकटा म्हणजे जुने तेलच. हवेतला ऑक्सिजन तेलाला धरतो, तेलाचे कण एकमेकांना चिकटतात, आणि पातळ तेलाचा गोंद होतो. जवसाच्या तेलात हा गुण सर्वांत जास्त. म्हणून तर ते लाकडाला लावतात, क्रिकेटच्या बॅटला चोळतात. ते सुकते आणि लाकडावर कडक थर धरते. करडई आणि सूर्यफूल त्याच्या मागोमाग. तीळ आणि शेंगदाणा सावकाश, पण तेही शेवटी चिकटतातच. फळीवरचा चिकटा साबणाने निघतो. खिळ्यातला कसा काढणार? तिथे बोट पोहोचत नाही.

मग मावशी विचारतील, खोबरेल तर असे सुकत नाही! बरोबर. खोबरेल त्या मानाने फार सावकाश चिकटते. पण त्याची खोड दुसरी. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजते. कोकणात थंडीच्या दिवसांत सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागे, आठवतंय ना? बहरीनमध्ये बाहेर कितीही ऊन असो, घरात एसी चालू असतो. खोली २२ अंशांवर आली की खिळ्यातले खोबरेल मेणासारखे घट्ट. बाहेर नेले की पुन्हा पातळ, आणि मग ते मुठीच्या लाकडात झिरपते, धूळ ओढून घेते. दर आठवड्याला त्यावर नवे खोबरेल, त्यात नवी धूळ. मावशींचा चाकू याच कारणाने अडकला असणार.

मग कोणते तेल? जमिनीतून निघालेले, नीट शुद्ध केलेले खनिज तेल. आणि त्यासाठी बहरीनइतके योग्य ठिकाण कुठले? आखाताच्या अरब बाजूला पहिल्यांदा तेल सापडले ते बहरीनमध्येच, जबल दुखानच्या विहिरीत, १९३२ साली. ईसा टाउन हे गाव त्यामानाने नवे, १९६८ साली वसवलेले, तेव्हाचे राज्यकर्ते शेख ईसा बिन सलमान यांच्या नावाने. तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर सित्रा आहे. तिथल्या तेल शुद्ध करण्याच्या कारखान्याला लागून २०११ मध्ये आणखी एक कारखाना सुरू झाला. सुरुवातीला बहरीनची बापको आणि फिनलंडची नेस्ते यांच्या भागीदारीतला. तिथे बनते बेस ऑइल, म्हणजे इंजिनात घालायच्या उत्तम तेलाचा पाया. मावशी ज्या तेलाच्या शोधात आहेत, त्याचे भाऊबंद त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर तयार होतात!

खनिज तेल का चिकटत नाही? मुलांनो, असे समजा की गोडेतेलाच्या कणांना मोकळे हात असतात. ऑक्सिजन आला की ते त्याचा हात धरतात, मग शेजाऱ्याचा हात धरतात, आणि सगळ्यांची साखळी होते. ती साखळी म्हणजेच चिकटा. शुद्ध केलेल्या खनिज तेलाच्या कणांचे हात आधीच घडी घालून ठेवलेले. ते कुणाला धरत नाहीत. म्हणून वर्षानंतरही ते तेलच राहते.

आता बाजारातले एकेक पाहू.

शिलाई मशीनचे तेल. पांढरे, पातळ, वास नाही. ज्या घरी शिलाई मशीन आहे तिथे कुपी असतेच. दोरी, पुठ्ठा, फांदी कापायच्या चाकूला याहून चांगले आणि स्वस्त काही नाही. पण ते खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेले नसते, म्हणून फळाच्या चाकूला नको.

लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळते. जुन्या माणसांना ते पोट साफ होण्याचे औषध म्हणून माहीत आहे. तेही शुद्ध खनिज तेलच. थोडे दाट, पण खिळ्याला चालते, आणि फळाला थेंबभर लागले तरी भिण्याचे कारण नाही. मावशींच्या चाकूला हेच. एक सावधगिरी मात्र ठेवा. औषधाच्याच दुकानातून घ्या, आणि बाटलीवरचे नाव वाचा. इंग्रज लोक रॉकेललाही पॅराफिन म्हणतात, आणि मेणबत्तीचे मेणही पॅराफिनच. नावाला भुलू नका.

चाकूसाठी म्हणून मिळणारे तेल. चाकू बनवणाऱ्या काही कंपन्या लहान कुपीत असे तेल विकतात. स्विस चाकूवाल्या व्हिक्टोरिनॉक्सचे आहे, खाण्याच्या वस्तूंना चालणारे. महाग, पण एक कुपी कितीतरी वर्षे पुरते. दुसऱ्या कुठल्या तेलावर एच-१ अशी खूण दिसली तर तेही घ्या. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या यंत्रांना चालेल अशा तेलाची ती खूण.

डब्ल्यूडी-४०. निळा-पिवळा डबा सगळ्यांना ठाऊक. १९५३ साली अमेरिकेत ते बनले ते पाणी हटवण्यासाठी. नावातले डब्ल्यू आणि डी त्याच कामाचे, आणि चाळिसाव्या खेपेला ते जमले म्हणून ४०. अडकलेला खिळा सोडवायला, ओल काढायला फार चांगले. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे राहणारे तेल थोडेच. म्हणजे हा झाडूवाला आहे, राखणदार नव्हे. आणि फळाच्या चाकूला नकोच.

इंजिनाचे तेल आणि ग्रीस. ग्रीस जागचे हलत नाही हे खरे, पण धुळीच्या मुलखात ते वाळू गोळा करणारे चिकटपट्टीच ठरते. इंजिनाचे तेल दाट, शिवाय त्यात इंजिनासाठी नाना औषधे मिसळलेली. अन्नाजवळ नको.

शिसपेन्सिलीची पूड, म्हणजे ग्रॅफाइट. कुलपाला घालायची जुनी युक्ती. कोरड्या हवेत ठीक. पण खारी ओल असली तर लोखंडाला ग्रॅफाइट चिकटून राहिल्याने गंज उलट लवकर धरतो. बेटावर आणि समुद्राकाठी टाळावे.

टेफ्लॉनचे कोरडे वंगण. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या माणसाला अचानक सापडलेला पदार्थ. न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच. फवारला की वरचे पातळ द्रव्य उडून जाते आणि कोरडा थर राहतो, त्याला धूळ चिकटत नाही. वाळवंटात हिंडणाऱ्याच्या चाकूला हे उत्तम. पण कोरडा थर गंज कमी अडवतो. म्हणून समुद्राकाठच्या घरात तेलच बरे.

आणि चरबी? पूर्वी परदेशात यंत्रांना प्राण्यांची चरबीही घालत. आपल्या घरात ब्रेड आणि फळ कापायच्या चाकूला कुठल्या प्राण्याची, कुणी काढलेली चरबी, हे कोण तपासणार? खनिज तेल ना मांसाचे ना दुधाचे, ही आणखी एक सोय.

आता कृती. हे काम मोठ्या माणसाने करायचे, मुलांनी शेजारी बसून पाहायचे.

पहिल्यांदा जुना चिकटा काढा. त्याशिवाय वरून कोणतेही तेल घातले तरी फुकट. पाते हळूहळू, जाड फडक्याने धरून उघडा. फारच अडकले असेल तर खिळ्यावर डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब टाकून तासभर थांबा. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन खिळ्याच्या दोन्ही बाजू आणि मुठीची खाच घासा. उघडा, मिटा, पुन्हा घासा. पाणी काळे येईल, घाबरू नका. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका, लाकूड फुगते आणि पाते आणखी अडकते. धुतल्यावर फडक्याने पुसा, आणि केस वाळवायच्या यंत्राच्या मंद हवेने खाच पूर्ण सुकवा. आत पाणी राहिले तर वरून तेल घालून आपण गंजच कोंडून ठेवू.

दुसरे, तेल. दात कोरायच्या काडीचे टोक लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवा. खिळ्याच्या एका बाजूला एक थेंब, दुसऱ्या बाजूला एक, आणि पाठीच्या पट्टीखाली एक. बस्स, तीन थेंब. पंधरा-वीस वेळा सावकाश उघडा-मिटा. कडेने काळपट तेल बाहेर येईल, ते पुसा. आणखी एकदा थेंब, आणखी पुसा. बाहेर येणारे तेल स्वच्छ दिसले की काम झाले. शेवटी सगळे बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. खिळ्याच्या आत जे राहते ते कामाचे, बाहेर जे राहते ते धुळीचे. पात्यावरून तेलाचा बोळा हलका फिरवला तर गंजही दूर राहील.

तिसरे, तपासणी. तेल दिल्यावर पाते मऊ फिरले पाहिजे, पण स्प्रिंगने उघडे धरलेही पाहिजे. पाते डावीकडे-उजवीकडे डुगडुगत असेल तर तो तेलाचा आजार नव्हे. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल तर डिस्मिसने केसभर आवळा. ठोकलेला खिळा असेल तर धार लावणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्या. उघडल्यावर पाते रोखणारा खटका ज्या चाकूला आहे, तो खटका नीट बसत नसेल तर तो चाकू वापरूच नका. आणि खटक्याच्या तोंडाला तेल लावू नका, तिथे पकड हवी, घसरण नको.

किती वेळा? मावशी, दर आठवड्याला नको. बहरीनच्या हवेत दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे, आणि आंब्याच्या दिवसांत फळाचा रस गेला की धुऊन, सुकवून एकदा. हाच उपाय अडकित्त्याला. त्याचाही खिळाच, आणि तोही तोंडात जाणाऱ्या वस्तूला लागणारा. कात्रीलाही हेच.

ईसा टाउनचा जुन्या वस्तूंचा बाजार आखातात राहून आलेल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. २०१२ च्या जुलैमध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली, पण बाजार पुन्हा उभा राहिला. अशा बाजारात जुनी हत्यारे स्वस्तात मिळतात, जुना चाकू घ्यायला हरकत नाही. पण नाव नसलेल्या बाटलीतले तेल कितीही स्वस्त मिळाले तरी फळाच्या चाकूसाठी घेऊ नका. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि घडीचा चाकू घेऊन विमानाने जाणार असाल तर तो मोठ्या सामानात टाका. हातातल्या पिशवीत सापडला तर तपासणीवाले काढून घेतील, मग आठवण म्हणून जपलेली वस्तू हाताची गेली.

बाळगोपाळांनो, तुमच्यासाठी थोडी शब्दांची मजा. मराठीत आपण "तेल" म्हणतो, तो शब्द "तिळा"वरून आला. अरबीत तेलाला "झैत" म्हणतात, आणि हिब्रूत "झायित" म्हणजे ऑलिव्ह. हिब्रूत तेल म्हणजे "शेमेन", तर अरबीत "समन" म्हणजे तूप! चाकू हिब्रूत "साकीन", अरबीत "सिक्कीन". जुन्या लोकांनी तेलाला नावे दिली ती आपापल्या शेतातल्या झाडांवरून. जमिनीखालचे तेल नंतर आले, आणि त्याने नाव जुनेच घेतले. म्हणून नाव एकच असले तरी कुठले तेल जेवणात आणि कुठले खिळ्यात, हे आपणच ध्यानात ठेवायचे.

आजी-आजोबांना एक विनंती. नातवाला चाकू द्यायचा असेल तर आधी तो धुऊन, तेल देऊन स्वतः दहा वेळा उघडून पाहा. मग त्याला समोर बसवून शिकवा. पाते नेहमी आपल्यापासून लांब, उघडताना बोटे धारेच्या वाटेत नाहीत, दात तर कधीच नाही. चाकू कुणाचा होता, कुठून आला, त्याने कुठल्या गावचे आंबे कापले, तेही त्याच बैठकीत सांगा. पोरे असल्या गोष्टी लक्षात ठेवतात.

पुढच्या अंकात पितळेच्या जुन्या समईचा हिरवा डाग कसा काढावा, ते सांगू. तोवर चाकू जपा, बोटे त्याहून जपा.

शालोम!